दिंडी दरवाजा ते लोखंडी खांब

कोल्हापुरातल्या एका तळ्याकाठच्या वाटेच्या तोंडाशी तीन लोखंडी खांब रोवलेत. वाटेवर सायकलचं पांढरं चित्र रंगवलंय. दोन खांबांमधली फट मी टेप लावून मोजली. दोन फूट चार इंच भरली, म्हणजे ७१ सेंटिमीटर. टेप गुंडाळतोय तोवर मागून एक दूधवाले मामा आले. जुनी काळी सायकल, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या. उतरले, पुढचं चाक फटीत घातलं आणि किटली खांबाला ठण्णकन लागली. मग त्यांनी उजवीकडची किटली काढून पलीकडं ठेवली, सायकल तिरकी करून ओढून घेतली, किटली परत अडकवली. एवढ्यात एक अ‍ॅक्टिव्हा आली. आरसे आत वळवले, दोन्ही पाय जमिनीला घासत जेमतेम, पण सरळ निघून गेली.

"ह्यो खांब नेमका कुणासाठनं घातलाय म्हणायचा?" मामांनी विचारलं. मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. उत्तर जरा लांबचं आहे.

वाट खुली ठेवायची, पण सगळ्यांना नाही, ही गरज जुनीच. कोल्हापूरला कोट होता, वेशी होत्या. गंगावेश, रंकाळावेश ही नावं तिथलीच आणि बिंदू चौकात तटाचा तुकडा अजून उभा आहे. गडकोटांच्या मोठ्या दरवाजाच्या पोटात एक छोटी दिंडी असायची. दरवाजाला आतून अडसर, म्हणजे आडवं जाड लाकूड लावलेलं, आणि दिंडीतून एकेक माणूस वाकून आत. घोडा नाही, गाडा नाही, घोळका तर नाहीच. इंग्लंडातल्या शेतांच्या कुंपणातही असंच एक फिरतं फाटक असतं. माणूस वळसा घेऊन निघतो, गाय अडकते. आपल्या बागांच्या तोंडाशी दिसतं ते गोल फिरकं त्याच जातीचं. या सगळ्या युक्त्या चालल्या, कारण ज्याला सोडायचं आणि ज्याला अडवायचं त्यांच्या आकारात ढळढळीत फरक होता. घोडा आणि माणूस यांत कुणाचा घोटाळा होत नाही.

सायकलींसाठी वेगळा रस्ता ही कल्पना ब्रिटनमध्ये मात्र मोटारीबरोबर आली. लंडनच्या वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर डिसेंबर १९३४ मध्ये ब्रिटनमधला पहिला असा मार्ग सुरू झाला, जेमतेम अडीच मैलांचा. तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेनंच त्याला विरोध केला होता. त्यांची भीती अशी की आज वेगळी वाट देतील आणि उद्या मोठ्या रस्त्यावरून हाकलतील.

आपल्याकडं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं सायकल मार्गांसाठी पहिली शिफारस १९६२ मध्ये छापली. तिचा हिशेब आज वाचताना गंमत वाटते. तासाला १०० ते २०० मोटारगाड्या जात असतील, तर गर्दीच्या तासात ४०० सायकली असल्यावरच वेगळा मार्ग करावा. मोटारी २०० च्या वर गेल्या, तर तासाला १०० सायकलीही पुरेत. रुंदी किमान दोन मीटर. म्हणजे हा कागद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं सायकलींचे लोंढे होते आणि मोटार म्हणजे तुरळक वस्तू. ते खोटंही नव्हतं. गावोगावच्या नगरपालिका तेव्हा सायकलीवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत होत्या. रात्री दिवा नसला, डबलसीट दिसलं, की हवालदार चाकातली हवा सोडायचा. तासावर सायकल भाड्यानं मिळायची. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पाळी सुटली की फाउंड्रीतले कामगार सायकली मारतच घरी जायचे. त्या काळात सायकलच्या वाटेवर खांब रोवायचं कुणाला सुचलं नाही, कारण वाट अशी नव्हतीच आणि घुसणारंही कुणी नव्हतं.

मग १९७२ साल आलं. त्या वर्षाच्या शेवटी कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली आणि त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना निघाली. पायडल असलेली, दिसायला निम्मी सायकल, चालायला निम्मी फटफटी. खांबाच्या गोष्टीत मला लुना फार महत्त्वाची वाटते. दिंडीचा जुना नियम तिनं मोडला. कुणाला अडवायचं आणि कुणाला सोडायचं यांतला आकाराचा फरक तिथून पुसट व्हायला लागला. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, पुढं स्कूटरेट आल्या आणि बघता बघता घराघरात सायकलची जागा दुचाकीनं घेतली. आजचे आकडे बघा. स्प्लेंडरची रुंदी ७२ सेंटिमीटर, अ‍ॅक्टिव्हाची सुमारे ७०. गिअरच्या नव्या सायकलचं हँडल ६८ पासून ७२ पर्यंत असतं, काहींचं त्याहून लांब. दूधवाल्याची किटल्यांसकट सायकल या सगळ्यांपेक्षा रुंद. दिव्यांगांची हातानं चालवायची तीनचाकी तर विचारूच नका. फट कितीही मोजून ठेवा, तिला इंजिन दिसत नाही, फक्त रुंदी दिसते.

हे गणित आपल्या आधी ब्रिटनला महागात पडलं. ब्रिस्टल ते बाथ या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९७९ पासून स्वयंसेवकांनी सायकलची वाट तयार केली. सस्ट्रान्स नावाची संस्था त्यातूनच वाढली आणि पुढं तिनं देशभर सायकल मार्गांचं जाळं विणलं. वाटेला लागून शेतं, वस्त्या. मोटारसायकली घुसतील या धास्तीनं जागोजागी इंग्रजी ए अक्षरासारख्या लोखंडी चौकटी, नागमोडी रेलिंग, फाटकं बसत गेली. २०१८ मध्ये याच संस्थेनं आपल्या जाळ्याची तपासणी केली, तेव्हा असे सुमारे १६,००० अडथळे निघाले, सरासरी मैलाला एक. जुळ्या मुलांची गाडी, सामानाची सायकल, व्हीलचेअर यांना त्यातून वाट नव्हती. जुलै २०२० मध्ये तिथल्या सरकारनं नवी मार्गदर्शक सूचना काढली: २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद सायकल जाईल असं धरूनच आखणी करा, खांब लावलेच तर मधे किमान दीड मीटर सोडा.

दीड मीटरमधून अ‍ॅक्टिव्हाच काय, दोन अ‍ॅक्टिव्हा शेजारी शेजारी जातील. मग उपयोग काय? त्या सूचनेचं म्हणणं असं की खांबानं फक्त मोटार अडवावी. दुचाकी अडवायचं काम खांबाचं नाही, पोलिसाचं आहे. नेदरलँड्समध्ये तर पहिला प्रश्नच हा असतो की खांब हवाच कशाला. त्यांना अनुभव आहे की घोळक्यात मागून येणाऱ्याला मधला खांब दिसतच नाही. म्हणून जिथं तो ठेवतात तिथं आधी जमिनीवर उठावाचे पांढरे पट्टे लांबवर ओढतात, म्हणजे चाकालाही कळतं.

आता कोल्हापूर. २००५ च्या केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेत महाराष्ट्रातली पाच शहरं होती, त्यांत आपण नव्हतो. पुढच्या स्मार्ट सिटीच्या यादीतही नाही. पुण्यात कात्रज–स्वारगेट बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखलेल्या रस्त्याबरोबर, सायकल मार्ग आले, त्यावर बसथांबे, विजेच्या डीपी आणि झाडं यांनी ठाण मांडलं, हा वेगळा अध्याय. आपल्या वाट्याला सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा एकात्मिक प्रकल्प आला, तोही टोलवर. त्या टोलविरुद्ध या गावानं काय केलं ते सांगायला नको. रस्त्यात आडवा येणारा दांडा कोल्हापूरकराला किती रुचतो हे जानेवारी २०१४ मध्ये जळालेल्या नाक्यांनी दाखवलं आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली.

मला नवल याचं वाटतं की एवढा मोठा दांडा उखडणारं गाव छोट्या खांबाकडं बघतही नाही. माझ्या मते कारण साधं आहे. टोलचा दांडा चारचाकीच्या आडवा होता. सायकलचा खांब येतो सुशोभीकरणाच्या खात्यातून, कारंजं आणि बाकड्यांच्या जोडीनं. त्याचा हिशेब पाइप, बुडाची बेस प्लेट, ती जमिनीत पक्की करणारे अँकर बोल्ट आणि रंग यांचा असतो. फट किती ठेवायची हे बऱ्याचदा वेल्डरनं डोळ्यानं ठरवलेलं असतं. रोड्स काँग्रेसनं २०१५ मध्ये सायकल मार्गांची आपली जुनी शिफारस सुधारून नवी काढली, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक जागा अडथळामुक्त हव्यात असं सांगितलं. वेल्डरच्या हातात यातलं काही पडत नाही.

मी फट मोजली त्याच्या पुढच्या महिन्यात तळ्याकाठचा मधला खांब कुणीतरी कापून नेला, बहुधा भंगारासाठी. फट आता मोठी झालीय, मामांची सायकल किटल्यांसकट जाते. पण कापताना जमिनीपासून चार बोटं पाइप तसाच राहिला. कडा धारदार, आणि आजूबाजूला बेस प्लेटचे चार बोल्ट वर तोंड करून. पावसाचं पाणी साठलं की त्यातलं काहीच दिसत नाही.