व्यवसाय-खेळांतील स्त्री-पुरुष फरक

व्यवसाय-खेळात, म्हणजेच बिझनेस गेममध्ये, विद्यार्थ्यांचा गट लुटुपुटूची कंपनी चालवतो. प्रत्येक फेरीत मालाची किंमत, उत्पादन, जाहिरात, संशोधनावरचा खर्च ठरवायचा. मग विक्री किती झाली, नफा की तोटा, हे संगणक सांगतो. संगणक येण्याच्या कितीतरी आधी, १९३२ साली, लेनिनग्राडमध्ये मेरी बिर्शटाइन यांनी टंकलेखन यंत्रांच्या कारखान्यासाठी असा खेळ रचला होता. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनचा गाजलेला खेळ १९५६ चा.

या खेळांत मुली मागे पडतात का, याचा सर्वांत नेमका अभ्यास लॉरिआल कंपनीच्या ‘ई-स्ट्रॅट’ या विद्यार्थी-स्पर्धेवर झाला. तिघातिघांचे गट सौंदर्यप्रसाधनांची कंपनी चालवत आणि क्रमांक लागे तो शेअरच्या भावावर. अपेस्तेगिया, अझमत व इरिबेरी यांनी २०१२ मध्ये मांडलेले निष्कर्ष असे : तिघीही मुली असलेले गट पदवी आणि एमबीए या दोन्ही स्तरांवर बाकी सगळ्या गटांच्या मागे राहिले. मात्र पदवीस्तरावर तळाच्या कामगिरीत ही तफावत ०.४७ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, याचे माप) इतकी, तर वरच्या टोकाला अवघी ०.०९ होती. एमबीएच्या वरच्या फळीत दोन पुरुष व एक स्त्री असलेले गट सरस ठरले. कारण निर्णयांत सापडले. मुलींच्या गटांनी किमतीच्या बाबतीत आक्रमकपणा कमी दाखवला, संशोधन-विकासावर कमी आणि सामाजिक उपक्रमांवर जास्त पैसा घातला. या शेवटच्या खर्चाला चूक म्हणायचे का? गुण कशाला द्यायचे ठरवले आहे, त्यावर ते अवलंबून आहे. शिवाय हे गट विद्यार्थ्यांनी आपापले जमवलेले होते.

ॲम्स्टरडॅममध्ये गट संशोधकांनीच पाडले आणि विद्यार्थ्यांनी खऱ्याखुऱ्या छोट्या कंपन्या चालवल्या. तिथे मिश्र गटांची विक्री व नफा पुरुषबहुल गटांहून जास्त निघाला (२०१३). जिंकणे आणि शिकणे याही वेगळ्या गोष्टी. उद्योजकता-शिक्षणाने ‘मला हे जमेल’ हा विश्वास एमबीएच्या विद्यार्थिनींत विद्यार्थ्यांपेक्षा अधिक वाढतो, असे विल्सन, किकुल व मार्लिनो यांना २००७ मध्ये आढळले.

चढाओढीची हौस पुरुषांत उपजतच जास्त असते, हा समज मात्र टिकत नाही. नीडर्ले व वेस्टरलुंड यांच्या अमेरिकेतील प्रयोगात (२००७) बेरजा करण्यात स्त्री-पुरुष बरोबरीचे होते. तरी स्पर्धा लावून मोबदला घेणे ७३ टक्के पुरुषांनी आणि ३५ टक्केच स्त्रियांनी पसंत केले. मेघालयातील खासी समाजात घराण्याची मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते. तिथे टेनिसचा चेंडू बादलीत टाकण्याच्या प्रयोगात (२००९) स्पर्धा निवडणाऱ्या स्त्रिया ५४ टक्के होत्या, पुरुष ३९ टक्के.