राब : डोंगरातून भातशेतीत उतरणारं खत

उन्हाळा लागला की ठाणे, पालघर, रायगड, मावळ, इगतपुरी या भातपट्ट्यात राब भाजायला घेतात, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन पालापाचोळा जाळून भाजतात. जिथे रोपं करायची त्या वाफ्यावर आधी शेण, त्यावर कवळ म्हणजे पाल्यासकट छाटून वाळवलेल्या फांद्या, मग पालापाचोळा आणि गवत. सगळ्यात वर बारीक माती पसरतात. ही माती घातली नाही तर नुसता भडका उडतो, राख वाऱ्यावर जाते आणि जमीन तापतच नाही. आगही अशी लावायची की ती वाऱ्याच्या उलट दिशेने सरकली पाहिजे. मग राब सावकाश धुमसतो आणि आच खाली मुरते.

हा वाफा पुढे लावणी करायच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा असतो, पण त्याला लागणारा कवळ त्याच्या कितीतरी पट रानातून येतो. राबाचं मर्म इथेच आहे. ऐन, किंजळ या रानातल्या झाडांची मुळं भाताच्या मुळांपेक्षा खूप खोल जातात. कुजलेल्या खडकातलं पोटॅश, कॅल्शियम, स्फुरद ती वर ओढतात, ते पानांत येतं आणि कवळाबरोबर डोंगर उतरून वाफ्यात पोचतं. जाळताना नत्र आणि गंधक बरंचसं धुरावाटे उडून जातं. हे नुकसान खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण राखेने जांभ्याच्या जमिनीची आम्लता कमी होते, तणाचं बी मरतं आणि मातीतल्या सेंद्रिय पदार्थात अडकलेला काही नत्र आचेमुळे रोपांना घेता येईल अशा रूपात मोकळा होतो. पुढे लावणीच्या खाचरात थोडा नत्र हवेतूनही येतो. साचलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ हे काम करतं, असं ढाक्याच्या पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं.

भातशेतीला डोंगराचा आधार लागतो, हे जुन्या महसुली व्यवस्थेला चांगलं ठाऊक होतं. कोकणात भात, वरकस, बागायत अशी जमिनीची प्रतवारी होती. वरकस म्हणजे उताराची, हलकी जमीन. तिथे नाचणी-वरी निघायची, पण तिचा मोठा उपयोग गवत आणि राबाचा पाला यांसाठी होता. गुरंही तिथेच चरायची आणि शेण गोठ्यात यायचं. खाचर आणि वरकस मिळून एकच शेत होतं, असं मी म्हणेन.

१८७८ च्या वनकायद्याने हे नातं ताणलं गेलं. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत राखीव रानं बंद झाली, कवळ तोडण्यावर निर्बंध आले आणि तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. शेतकरी अज्ञानापायी जंगल जाळतात, असं मानणारे अधिकारी कमी नव्हते. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. बंदी आली म्हणून राबाची गरज संपत नव्हती. जी थोडी झाडं हाताशी उरली त्यांच्यावरच दरवर्षी कोयता चालणार, हे उघड होतं. झाडाला पुन्हा पालवायला उसंत मिळाली नाही तर ते खुरटतं. उघड्या पडलेल्या उतारावर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळला की माती आणि तिच्यातलं सत्त्व ओढ्याला जातं. मग डोंगराकडे द्यायला काही राहत नाही.

राबाकडे शेतीशास्त्राच्या नजरेने बघणारेही होते. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासह राबपद्धतीवरचा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. शेतकऱ्याची रीत मोडीत काढण्याआधी तिच्यात नेमकं काय घडतं हे बघायचं, ही त्यांची भूमिका मला महत्त्वाची वाटते.

पुढे रासायनिक खतं आली. मुंबईतल्या तुर्भ्याचा (ट्रॉम्बे) खत कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला आणि युरियाचं पोतं गावोगाव पोचलं. पोत्याला डोंगर लागत नाही, पण भरलेल्या खाचरात वरून फेकलेल्या युरियातला बराच नत्र पाण्याबरोबर आणि हवेत जातो. धुरावाटे व्हायची तशी गळती इथेही आहेच.

डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातपद्धतीत या जुन्या प्रश्नाला चांगलं उत्तर सापडतं. रोपवाटिकेत भाताच्याच तुसाची राख मिसळायची, त्यामुळे दाण्याबरोबर शेतातून गेलेली सिलिका परत येते. कवळाऐवजी बांधावर लावलेल्या गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा, म्हणजे त्यातला नत्र धुरात जात नाही. लावणी ठरावीक अंतरावर करायची आणि दर चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या, मधोमध युरिया-डीएपीची (नत्र-स्फुरदयुक्त खताची) एक गोळी सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचायची.