‘सिन्सिअर’ या शब्दात मेण नाही

इंग्रजी पत्राच्या शेवटी ‘यूअर्स सिन्सिअरली’ असे लिहिताना त्या शब्दाच्या अर्थाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. मनात एक आणि ओठांवर दुसरे, असे ज्याचे नसते तो ‘सिन्सिअर’. या शब्दाच्या जन्माची एक कथा मात्र फार लोकप्रिय आहे. रोममधील काही शिल्पकार संगमरवरातील भेगा मेणाने बुजवून मूर्ती विकत असत. ऊन लागले की मेण वितळे आणि लबाडी उघडी पडे. म्हणून सचोटीचे शिल्पकार आपली मूर्ती लॅटिनमध्ये ‘सिने केरा’, म्हणजे ‘मेणाविना’ आहे असे सांगत, आणि त्यातूनच हा शब्द घडला. या कथेच्या दुसऱ्या रूपात मूर्तीच्या जागी मेण गाळून काढलेला मध येतो.

कथा मोहक आहे, पण ती टिकत नाही. ‘विना’ हा अर्थ शब्दातच गुंफायचा असेल, तर जुनी लॅटिन त्यासाठी ‘से’ हा उपसर्ग वापरत असे. ‘केअर’शी अर्थाने जुळणारा लॅटिन शब्द ‘कुरा’. त्याला ‘से’ लागून ‘सेकुरुस’, म्हणजे निश्चिंत, हा शब्द झाला आणि त्यापासून इंग्रजीतील ‘सिक्युअर’ आला. ‘सिने’ जोडून झालेला ‘सायनेक्युअर’, म्हणजे फारसे काम नसलेले पद, हा शब्द पुष्कळ नंतरचा, मध्ययुगीन चर्चच्या लॅटिनमधला आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशानेही मेणाची व्युत्पत्ती असंभाव्य ठरवली आहे.

मग शब्द आला कुठून? अभ्यासकांना सर्वाधिक पटलेले उत्तर असे, की ‘सिन्केरुस’ या लॅटिन शब्दाच्या पूर्वार्धात ‘एक’ या अर्थाचे मूळ आहे आणि उत्तरार्धात ‘वाढणे’ या अर्थाचे. पहिले मूळ ‘सिंपल’ म्हणजे एकपदरी या शब्दात आहे, आणि ‘एकदा’ या अर्थाच्या संस्कृत ‘सकृत्’मधला ‘स’ही त्याच कुळातला. दुसरे मूळ धान्याची देवता केरेस, तिच्या नावावरून आलेला ‘सीरिअल’ आणि ‘क्रिएट’ या शब्दांत दिसते. म्हणजे ‘सिन्केरुस’ हे एकाच वाढीचे, ज्यात परके काही मिसळलेले नाही असे.

लॅटिनमधील प्रत्यक्ष वापर या अर्थाशी उत्तम जुळतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील कवी होरेस एका काव्यपत्रात म्हणतो, की भांडे ‘सिन्केरुम’ नसेल, तर त्यात जे ओतावे ते आंबते. येथे भांड्याला भेग आहे की नाही हा प्रश्नच नाही. आत आधीचा अंश चिकटून राहिला आहे का, एवढेच त्याला पाहायचे आहे. मला स्वतःला या शब्दाचा सगळा अर्थ त्या एका भांड्यात दिसतो. त्याच शतकातील रोमन वक्ता सिसेरो मात्र रंगरंगोटी केलेल्या, दिखाऊ गोष्टींच्या विरुद्ध हाच शब्द ठेवतो, आणि तेथे तो वस्तूंकडून माणसांच्या वागण्याकडे सरकलेला दिसतो. मराठीतही हे घडले आहे: आपण निर्भेळ दुधाइतक्याच सहजपणे निर्भेळ आनंदाविषयी बोलतो, आणि ‘निर्मळ’ हा शब्द पाण्याला लावतो तसा मनालाही.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला, तेव्हा त्याने हे दोन्ही अर्थ बरोबर आणले. 1611 साली छापलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, पीटरच्या पहिल्या पत्रात, नवजात बालकांप्रमाणे ‘सिन्सिअर मिल्क’ची इच्छा धरा, असा उपदेश आहे, तेथे अभिप्रेत आहे ते भेसळ नसलेले दूध. पुढे वस्तूंसाठी ‘प्युअर’ पुरेसा ठरला आणि ‘सिन्सिअर’ माणसांच्या शब्दांपुरता, भावनांपुरता उरला. आज ते वाक्य वाचणाऱ्या इंग्रजी वाचकालाही दूध प्रामाणिक कसे असेल, असा प्रश्न पडतो.