तालमीत न आलेला गार्बेज कलेक्टर

लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा नवी असताना तिचे जनक जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीमध्ये, उद्योगक्षेत्रातून आलेल्या पाहुण्यांसमोर, तिचे प्रात्यक्षिक ठेवले होते. आयबीएम ७०४ या संगणकाला जोडलेले फ्लेक्सोरायटर हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे या गतीने टंकन करी आणि ते प्रेक्षकांना क्लोज्ड सर्किट टीव्हीवर दिसे. सारे सुरळीत चालले असताना यंत्राने अचानक 'गार्बेज कलेक्टरला बोलावण्यात आले आहे' असे जाहीर केले आणि पाठोपाठ पानभर आकडेवारी छापायला घेतली. गार्बेज कलेक्टर म्हणजे प्रोग्रामला आता न लागणाऱ्या वस्तू शोधून त्यांनी अडवलेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा. तालमीत कलेक्टर एकदाही चालला नव्हता. मात्र तालमीनंतर मेमरी पूर्ववत न केल्याने मोकळी जागा नेमकी प्रयोगाच्या वेळी संपली.

हा किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा असला, तरी गार्बेज कलेक्शनच्या चाचणीतली मूळ अडचण त्यात पुरेपूर दिसते. कलेक्टर केव्हा चालेल हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती नसते, आणि वापरात असलेली वस्तू त्याने चुकून कचरा समजून काढली, तर प्रोग्राम कोसळतो तो बऱ्याचदा पुष्कळ पुढे, चुकीशी वरकरणी काहीच संबंध नसलेल्या ओळीवर.

प्रोग्राम चालू असतानाच कचरा गोळा करायचा म्हटल्यावर हा गुंता आणखी वाढला. डाइक्स्ट्रा, लॅम्पोर्ट हे संगणकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९७८ च्या आपल्या निबंधात मोकळेपणाने लिहिले आहे की, निर्दोष वाटणारी उत्तरे कधीकधी आठवडेच्या आठवडे अनेकांना पटत राहिली आणि सिद्धता मांडायला घेतल्यावरच त्यांतील खोल चुका उघड झाल्या. पुढे बेन-आरी यांनी १९८४ साली सोपी रीत मांडली, पण त्यांच्या सिद्धतेतही इतरांना दोष सापडले. अखेर १९९४ साली रुसिनॉफ यांनी बॉयर-मूर प्रूव्हर या सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने त्या रीतीची यांत्रिक पडताळणी केली.

सिद्धता मात्र रीतीची होते, प्रत्यक्ष कोडची नव्हे. त्यामुळे रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारी भाषेची यंत्रणा, बांधणाऱ्यांनी वाईट मुहूर्ताची वाट पाहण्याऐवजी तो मुद्दाम ओढवून आणण्याचा मार्ग धरला. आर या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'जीसीटॉर्चर' (जीसी म्हणजे गार्बेज कलेक्शन, टॉर्चर म्हणजे छळ) चालू केले की जवळजवळ प्रत्येक वेळी मेमरी मागताच कलेक्टर धावतो. समजा, सी भाषेत लिहिलेल्या एखाद्या फंक्शनने एक व्हेक्टर (मूल्यांची यादी) तयार केला, त्याला 'प्रोटेक्ट' करायचे, म्हणजे तो वापरात असल्याचे कलेक्टरला कळवायचे, राहून गेले आणि लगेच दुसरा मागितला: एरवी हा दोष वर्षानुवर्षे दडून राहील, पण येथे दुसरी मागणी होताच पहिला व्हेक्टर कचऱ्यात जातो. रूबी या भाषेतील 'जीसी.स्ट्रेस' आणि फायरफॉक्सच्या जावास्क्रिप्ट इंजिनातील 'जीसीझील' ही याच जातीची साधने होत. या छळाने प्रोग्राम रडतखडत चालतो, ही त्याची किंमत.

शिवाय चाचणी ज्या वाटेने जात नाही, तेथील चूक छळानेही बाहेर येत नाही. म्हणून आरसाठी टोमाश कालिबेरा यांनी 'आरचेक' हे साधन लिहिले. ते प्रोग्राम न चालवता केवळ कोड तपासून 'प्रोटेक्ट' कोठे राहिले ते सांगते, आणि अधूनमधून निर्दोष ओळीवरही बोट ठेवते.