एकाच वायरीवर फोन पण आणि नेट पण: आयएसडीएन नक्की काय करायचं

डायल-अपच्या काळात नेट लावलं की घरचा फोन एंगेज, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. पण त्याच तांब्याच्या दोन तारांवर फोन आणि डेटा एकाच वेळी चालवायची सोय तेव्हाही होती, आयएसडीएन (इंटिग्रेटेड सर्व्हिसेस डिजिटल नेटवर्क). तिची आंतरराष्ट्रीय मानकं 1984 मध्येच आली होती.

मूळ विचार सरळ आहे. तोवर एक्स्चेंज ते एक्स्चेंज लाइनी डिजिटल होत चालल्या होत्या, फक्त एक्स्चेंज ते घर हा शेवटचा तुकडा अ‍ॅनालॉग राहिलेला. म्हणजे मोडेम कॉम्प्युटरच्या 0 आणि 1 चा आवाज करणार, मग डिजिटल एक्स्चेंज त्या आवाजाचे परत 0 आणि 1 करणार, किती उलटा कारभार! आयएसडीएनने तो शेवटचा तुकडाही डिजिटल केला.

आता आवाजाचे आकडे कसे होतात बघा. फोनवर आपला आवाज साधारण 300 ते 3400 हर्ट्झमध्ये बसतो, तो नीट पकडायचा तर सगळ्यात वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावा लागतो, म्हणून सेकंदाला 8000 वेळा मोजतात आणि दर वेळी 8 बिट लिहितात, झाले सेकंदाला 64 हजार बिट, म्हणजे 64 केबीपीएस. घरगुती आयएसडीएन लाइनवर असे 64 चे दोन बी चॅनल, म्हणजे आवाज किंवा डेटा नेणाऱ्या दोन वाटा, मिळायच्या. एकावर बोला, दुसऱ्यावर नेट चालवा, नाहीतर दोन्ही जोडून 128 केबीपीएस घ्या.

पण मला खरी कमाल वाटते ती तिसऱ्या, 16 केबीपीएसच्या डी चॅनलची. नंबर लावणं, रिंग, कोणाचा फोन आहे, कोणी ठेवला, ही सगळी निरोपानिरोपी त्याच्यावरून, त्यामुळे दोन्ही बी चॅनल पूर्ण मोकळे. मोडेमला किंचाळत जोडायला अर्धा मिनिट लागायचं, इथे कॉल एखाद-दोन सेकंदात लागायचा. शिवाय येणारा कॉल आवाजाचा आहे की डेटाचा हेही डी चॅनल आधीच सांगायचा, त्यामुळे एकाच लाइनवर आठ उपकरणं लावली तरी फोनचा कॉल फोनच उचलणार आणि डेटाचा कॉल कॉम्प्युटर.

जर्मनी आणि जपानमध्ये हे घराघरात पोचलं. आपल्याकडे बीएसएनएल आणि एमटीएनएल ही लाइन द्यायचे, पण जास्त चालली ती तिची मोठी बहीण पीआरआय, 30 बी चॅनल अधिक एक डी, लाइनचा वेग 2.048 एमबीपीएस. ऑफिसच्या ईपीएबीएक्सला (ऑफिसातलं छोटं एक्स्चेंज) आणि कॉल सेंटरला हीच असायची.

घरगुती आयएसडीएन मागे पडली कारण एडीएसएलने (फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड) त्याच तारेवर आवाज खालच्या 4 किलोहर्ट्झमध्ये होता तसा ठेवला आणि वरच्या मोकळ्या जागेत मेगाबिटमध्ये डेटा घातला. दुसरं म्हणजे आयएसडीएनवर कॉल चालू असेपर्यंत 64 चा चॅनल अडकून राहायचा, तुम्ही गप्प बसलात तरी. माझ्या मते तिची खरी मर्यादा हीच, कारण इंटरनेटवर सगळं पॅकेटमध्ये जातं, बोलायचं असेल तेव्हाच पॅकेट पाठवता येतं आणि उरलेली जागा दुसऱ्याला मिळते. फायबरवरचा फोन किंवा व्होल्टे (4जी वरचा कॉल), दोन्हीकडे आवाज असाच पॅकेटमधून जातो.

आवाजाचे आकडे करायची ती पद्धत मात्र टिकली आहे, आजही ऑफिसातले बरेच आयपी फोन सेकंदाला 8000 वेळा, 8 बिटांनीच आवाज मोजतात.