फोटो कधीचा आणि फाइल कधीची

लग्नसराई आटोपली की जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांत एकच उद्योग सुरू होतो. कुणीतरी सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो एका हार्डडिस्कवर गोळा करतं, फोल्डर तारखेनुसार लावतं, आणि हळदीच्या आधी पाठवणी दिसायला लागते. मग ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘तारखा सगळ्या बिघडल्या.’ बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. बघणारा फाइलची तारीख बघत असतो आणि तिलाच फोटोची तारीख समजत असतो. या दोन तारखा वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या जागी राहतात आणि वेगळ्या कारणांनी बदलतात. घरचा संग्रह लावायला बसण्याआधी एवढं एक पक्कं करून घ्या, फोल्डर आणि नावं नंतर.

फाइलची तारीख तुम्हाला ठाऊक आहेच. फोल्डर उघडल्यावर ‘डेट मॉडिफाइड’ किंवा ‘डेट क्रिएटेड’ या रकान्यात दिसते ती. ही तारीख फोटोच्या आत नसते, फाइल ज्या डिस्कवर ठेवली आहे त्या डिस्कच्या यादीत असते. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरून फाइल कॉपी केली की ‘क्रिएटेड’मध्ये कॉपी केल्याची वेळ बसते आणि ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते. म्हणून तयार होण्याच्या आधीच बदललेली फाइल दिसते आणि लोक गोंधळतात. जुन्या मोबाईलमधून नव्यात फोटो नेताना तर काही ॲप जुनी तारीख राखतात, काही राखत नाहीत.

फोटोची तारीख फाइलच्या पोटात असते. कॅमेऱ्याचं बटण दाबलं त्या क्षणी कॅमेरा किंवा मोबाईल ती तिथे लिहितो. या नोंदीच्या पद्धतीला एक्झिफ म्हणतात. ही जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने 1995 मध्ये ठरवली. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद अशा क्रमाने तारीख लिहिलेली असते. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडलं की ‘डेट टेकन’ म्हणून दिसते. फाइलचं नाव बदला, दहा पेनड्राइव्हवरून फिरवा, मेलने पाठवा, ही तारीख हलत नाही. फोटो उभा-आडवा फिरवून सेव्ह केला तर फाइलची ‘मॉडिफाइड’ तारीख आजची होते, ‘डेट टेकन’ मात्र तशीच राहते. ती बदलायची किंवा जायची तर कुणीतरी फाइलच्या आत हात घालावा लागतो.

आणि हात घातला जातो. घरोघर, रोज, व्हॉट्सॲपवर.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान केला जातो आणि आतली एक्झिफ नोंद काढून टाकली जाते. काढलेली तारीख, जागा, कॅमेऱ्याचं नाव, सगळं जातं. ‘एचडी’ निवडलं तर फोटो मोठा जातो, नोंद तरीही येत नाही. समोरच्याच्या अँड्रॉइड मोबाईलमध्ये जी फाइल उतरते तिचं नाव आयएमजी, मग आठ आकड्यांची तारीख, मग डब्ल्यूए आणि क्रमांक असं असतं. त्या नावातली तारीख बघून लोक निश्चिंत होतात, आणि माझा जीव वरखाली होतो तो इथे. ती तारीख फोटो काढल्याची नाही. तो फोटो व्हॉट्सॲपमधून आला-गेला त्या दिवसाची आहे. मामाने मे महिन्यातल्या लग्नाचे फोटो दिवाळीत गावी आल्यावर ग्रुपवर टाकले, तर ते सगळे दिवाळीचे होतात. त्यातला एखादा फोटो कुणी पुढच्या वर्षी पुन्हा टाकला तर तोच पुढच्या वर्षाचाही होतो. पोटात खरी तारीख नसल्यामुळे गॅलरी फाइलच्या तारखेवर भिस्त ठेवते, आणि ती कशी बदलते ते वर सांगितलंच.

यावर उपाय साधा आहे आणि मी त्यावर हटून बसतो. संग्रहात ठेवायचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी येते, आतल्या नोंदीसकट. मावशी म्हणतील की इतकं कोण करतं. पाहुण्यांकडे केबल घेऊन जा किंवा ड्राइव्हची लिंक मागा, पण ग्रुपवरून उतरवलेले फोटो मूळ म्हणून ठेवू नका. ते वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्यात, मूळ मिळाला की काढून टाका.

आता व्हिडिओकडे येतो. इथे जाणकारही चुकतात, कारण फाइलची आणि चित्रीकरणाची तारीख वेगळी असते हे समजल्यावरही एक पेच उरतो. चित्रीकरणाची तारीख कोणत्या घड्याळातली आहे?

कानबाईचंच, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचं, उदाहरण घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होतं, सोमवारी विसर्जन. 2024 साली तो रविवार 11 ऑगस्टला होता. समजा एकाच मोबाईलवर रविवारी रात्री नऊला स्थापनेचे फोटो काढले, मध्यरात्रीनंतर 2 वाजून 40 मिनिटांनी गाणी म्हणणाऱ्या बायांचा फोटो काढला आणि पाच मिनिटांनी त्याच बायांचा व्हिडिओ घेतला. फोटोच्या पोटात 12 ऑगस्ट, 2:40 असं लिहिलं जातं, म्हणजे मोबाईलच्या घड्याळात जे दिसत होतं तेच. व्हिडिओच्या पोटात मात्र 11 ऑगस्ट, 21:15 असं लिहिलं जातं. कारण एमपी-4 फाइलच्या नियमाप्रमाणे तिथे जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, लिहायची असते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे.

कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम हे साडेपाच तास मिळवून दाखवत असेल तर ठीक. मिळवत नसेल तर पहाटेच्या पावणेतीनचं गाणं रात्री सव्वानऊला, स्थापनेच्या फोटोंना चिकटून बसतं. सोमवारी सकाळी सातला निघालेल्या विसर्जनाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ रात्री दीडचा दिसतो, म्हणजे जागरणाच्या फोटोच्याही आधी. पहाटे साडेपाचच्या आत काढलेला प्रत्येक व्हिडिओ आदल्या दिवसात जाऊन पडतो. एका रात्रीचे फोटो आणि व्हिडिओ असे दोन दिवसांत विखुरले की लोक मोबाईलला दोष देतात, आणि मग सगळ्या फाइलींच्या तारखा हाताने ‘दुरुस्त’ करायला घेतात. ते सर्वांत वाईट, कारण खरी नोंद तेव्हाच पुसली जाते.

तारीख बदलण्याआधी फरक मोजा. बरोबर साडेपाच तासांचा फरक निघाला तर घोळ घड्याळाचा आहे आणि फाइलला हात लावायची गरज नाही, वाचणाऱ्या प्रोग्रामला वेळ बदलून वाचायला सांगायचं. एक्झिफटूल या फुकट मिळणाऱ्या साधनात व्हिडिओची वेळ यूटीसी समजून वाचण्याचा पर्याय आहे. आयफोन व्हिडिओत स्थानिक वेळ आणि तिचा फरक असं दोन्ही वेगळ्या जागी लिहून ठेवतो, ते उत्तम. उलट काही सुटे कॅमेरे नियम मोडून यूटीसीच्या जागी स्थानिक वेळच लिहितात, म्हणून सरसकट सगळ्या व्हिडिओंना साडेपाच तास लावायचे नाहीत. अनेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये फाइलच्या नावात स्थानिक वेळ असते, ती ताडून बघायला कामी येते. पिक्सेल फोनच्या नावातली वेळ मात्र यूटीसी असते, तिच्यावर विसंबू नका.

फोटोतही हा प्रश्न अगदीच नाही असं नाही. एक्झिफमध्ये वेळ कोणत्या टाइम झोनची ते लिहायला 2016 पर्यंत ठरलेली जागाच नव्हती. दुबईला नोकरीला असलेल्या भावाने तिथल्या वेळेवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने इथल्या साखरपुड्याचे फोटो काढले तर ते दीड तास मागे पडतात. लग्नात दोन कॅमेरेवाले असले आणि त्यांची घड्याळं जुळवलेली नसली तरी असंच होतं. एका कॅमेऱ्यात अक्षता पडतात तेव्हा दुसऱ्यात नवरदेव अजून पारावर असतो. इथे एकेक फोटो हाताळू नका. दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलेला एकच क्षण शोधा, फरक काढा आणि एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढ्याने सरकवा. हे एक्झिफटूल करतं, डिजीकॅम हा फोटो लावायचा प्रोग्रामही करतो. आमच्याकडच्या एका लग्नात स्टुडिओने पेनड्राइव्हवर दिलेल्या फोटोंतली काढल्याची तारीखच उडालेली होती, सगळे फोटो एकाच संध्याकाळचे दिसत होते. तेव्हापासून मी ऑर्डर देतानाच सांगतो की एक्सपोर्ट करताना मेटाडेटा, म्हणजे फोटोच्या पोटातल्या नोंदी, पूर्ण ठेवा. तुम्हीही आधीच सांगा, नंतर मागून तो मिळेलच असं नाही.

जुन्या अल्बममधले कागदी फोटो हा वेगळा प्रकार. आबांच्या तरुणपणाचा फोटो तुम्ही आज मोबाईलने टिपला की त्याच्या पोटात आजची तारीख बसते. इथे मोबाईल खोटं बोलत नाही, तो त्याने टिपलं ती वेळ सांगतो. एक्झिफमध्ये मूळ चित्र घेतल्याची तारीख आणि ते डिजिटल केल्याची तारीख अशा दोन वेगळ्या जागा आहेत. मोबाईल दोन्हींत आजचीच भरतो. पहिल्या जागी जुनी तारीख तुम्ही भरायची, दुसरीला हात लावायचा नाही.

ती भरण्यासाठी घरातलं म्हातारं माणूस शेजारी बसवा. ‘हाऊ फोटो कवाना शे?’ (हा फोटो कधीचा आहे?) असं विचारलं तर सन कुणालाच सांगता येत नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली होती का, 72 च्या दुष्काळाच्या आधीचं का नंतरचं, थोरल्याचा जन्म झाला होता का, असं विचारत गेलं की वर्ष सापडतं, आणि अखाजी म्हटलं की एप्रिल-मे नक्की होतो. ‘साधारण 1975’ असं लिहायची सोय बहुतेक प्रोग्राममध्ये नाही. म्हणून नुसतं वर्ष कळलं तर मी 1 जानेवारी घालतो आणि वर्णनाच्या रकान्यात ‘वर्ष अंदाजे’ असं लिहितो. 1 जानेवारी आणि ‘अंदाजे’ एकत्र दिसलं की पुढच्याला कळतं की दिवस खरा नाही. वर्णनात माणसांची नावंही डावीकडून उजवीकडे लिहून टाका. तारीख पुढे-मागे शोधता येईल, नावं सांगणारं माणूस तेव्हा असेलच असं नाही.

फाइलचं नाव कसं ठेवायचं यावर लोक तासन् तास वाद घालतात, माझ्या मते तो दोन मिनिटांचा विषय आहे. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, पुढे प्रसंग. दिवस आधी लिहिला की सगळ्या महिन्यांच्या एक तारखा शेजारी-शेजारी येतात, म्हणून ‘12-08-2024 कानबाई’ असं फोल्डर मला बघवत नाही. देवनागरी नावं आजच्या कॉम्प्युटरवर बिनधास्त चालतात. हे नाव माणसाच्या सोयीसाठी आहे. नावात तारीख लिहिली म्हणून फोटोच्या पोटातली तारीख बदलत नाही.

फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत छापलेली तारीख वाचायला बरी, पण ती फक्त चित्राचा भाग आहे, क्रम लावणाऱ्या प्रोग्रामला ती दिसत नाही. जुन्या कॅमेऱ्यात ती सेटिंग चालू असेल तर बंद करा. त्या आकड्यांमुळे चांगला फोटो कायमचा डागाळतो.

शेवटी गूगल फोटोजबद्दल, कारण आता बहुतेकांचा संग्रह तिथेच आहे. तिथे एखाद्या फोटोची तारीख दुरुस्त केली की ती दुरुस्ती गूगलच्या खात्यात राहते, फोटोच्या पोटात लिहिली जात नाही. सगळं उतरवून घ्यायला ‘टेकआउट’ वापरलं की फोटोसोबत जेसन नावाच्या छोट्या फाइली येतात. तुम्ही आबांना विचारून घातलेल्या तारखा त्यांत असतात, त्याही यूटीसीत. कचरा समजून त्या फाइली उडवणारे मी पाहिले आहेत. त्यातल्या तारखा एक्झिफटूलने फोटोंत उतरवून घेतल्याशिवाय, आणि मूळ संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय, त्यातली एकही फाइल पुसू नका.