बॉबीच्या फ्रेममध्ये दुसरं इंजिन: आरटीओचा अर्ज नेमका कुठे अडकतो

जुनी राजदूत जीटीएस मोटारसायकल, म्हणजे आपली 'बॉबी', मामांच्या पडवीतून बाहेर निघते तेव्हा बहुतेक वेळा फ्रेम धड असते आणि इंजिन गेलेलं असतं. मग ओळखीचा मिस्त्री म्हणतो, "शंभर सीसीचं फोर-स्ट्रोक बसवून देतो, अ‍ॅव्हरेजपण मिळेल." गाडी सुरू होते, घरचे खूश होतात, आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवायला गेलं की अर्ज परत येतो. तोवर पंधरा-वीस हजार गेलेले असतात. पुण्यात असे हताश झालेले लोक मी वारंवार पाहतो, म्हणून हे लिहितो आहे. मिस्त्रीला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी वाचा.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं: बेकायदा फेरफार केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. थोडक्यात, बॉबीत फोर-स्ट्रोक बसवून ती रस्त्यावर चालवायला कायदेशीर वाट नाही. "एजंट करून देतो" यावर विश्वास ठेवू नका. एजंट अर्ज भरेल, पण निरीक्षक गाडीखाली वाकून बघणारच.

एआरएआय, म्हणजे गाड्यांची चाचणी करून मान्यता देणारी संस्था, तिच्याबद्दलही बरेच जण विचारतात. पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीतच ती आहे, तर तिथून सर्टिफिकेट आणलं तर? तिथली मान्यता उत्पादकांच्या नमुना गाड्यांना आणि इंधन बदलण्याचं किट बनवणाऱ्यांच्या किटला मिळते. आपल्या एका गाडीत घरगुती बसवलेलं इंजिन त्यात बसत नाही. इंधनच बदलायचं असेल, म्हणजे बॅटरीवर न्यायची असेल, तर कायद्यात तरतूद आहे, पण मान्यताप्राप्त किटनेच, आणि ते किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असायला हवं.

मग उरतं काय? त्याच प्रकारचं इंजिन. आणि इथे बॉबीवाल्यांचं नशीब चांगलं आहे. तिचं 173 सीसी टू-स्ट्रोक इंजिन साध्या राजदूत 175 मध्येही होतं. असं इंजिन बसवलं की मेक, सीसी, इंधन सगळं तेच राहतं, बदलतो तो फक्त नंबर.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट तपासा. इंजिन नंबर असतो क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धातूच्या कवचावर. पिस्टन, सिलिंडर, क्रँक, गिअर, बेअरिंग, सगळं बदललं तरी केस तीच असेल तर नंबर तोच राहतो आणि फेरफाराचा अर्जच लागत नाही. केसला तडा असेल तर अ‍ॅल्युमिनियमचं चांगलं आर्गन वेल्डिंग करणारा शोधा, फक्त नंबरच्या पट्टीला ग्राइंडर लागू देऊ नका. मी असा एक प्रकार पाहिला आहे, मिस्त्रीने "स्वच्छ करून देतो" म्हणत नंबरचे दोन आकडे घासून टाकले होते. त्या माणसाने आयुष्यभर जपलेली गाडी संशयास्पद ठरली.

केस खरंच वाया गेली असेल तर दुसरं इंजिन घ्या, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. ऑफिस विचारतं: हे इंजिन आलं कुठून? जुन्या बाजारातून आणलेल्या इंजिनाचं बिल असं असतं: वहीचं पान, त्यावर बॉलपेनने 'राजदूत इंजिन जुने, 1 नग', खाली सही. इंजिन नंबर नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. हा कागद दाखवू नका, उपयोग नाही. बिलावर इंजिन नंबर पूर्ण हवा आणि ते ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर हवा. शिवाय त्या गाडीच्या आरसीची प्रत, आणि तिची नोंदणी कलम 55 खाली रद्द झाल्याचा पुरावा. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत कळवून आरसी जमा करायची असते. हे कोणीच करत नाही, आणि त्याची शिक्षा इंजिन विकत घेणाऱ्याला होते. चाळीस वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या गाडीचा कागद सामान्य माणसाने आणायचा कुठून, याचं उत्तर खिडकीवर मिळत नाही. म्हणून इंजिन सुटं घेऊ नका. आरसी बुक असलेली अख्खी बंद राजदूत मालकाकडून घ्या, त्याच्याच सहीने ती नोंदणी रद्द करून घ्या. थोडे जास्त पैसे जातात, पण हाच मार्ग टिकतो. गाडी चोरीची नाही याची एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवरची एनओसीही काढून ठेवा.

मुदतीचाही घोळ होतो. फेरफार कळवायला चौदा दिवस आहेत, ते फेरफार केल्या दिवसापासून. आरटीओची तारीख मिळाल्यापासून नव्हे. शक्यतो आधी अर्ज करून विचारा, मगच इंजिन चढवा.

बॉबी पन्नास वर्षांची झाली असेल तर आणखी थांबा. 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. शुल्क नव्या नोंदणीला 20,000, पुनर्नोंदणीला 5,000 रुपये, मुदत दहा वर्षं. फोर-स्ट्रोक बसवलंत की हा दरवाजा बंद. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, ती रॅली-प्रदर्शनापुरतीच.

बाकी पायऱ्या सरळ आहेत. परिवाहन पोर्टलवर फेरफाराचा अर्ज, शुल्क, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र, कर्ज असेल तर बँकेची संमती, चेसिस आणि इंजिन नंबरचे पेन्सिल छाप, मग गाडीची तपासणी. तीन अक्षरी जुन्या नंबरची गाडी पोर्टलवर दिसतच नसेल तर आधी तिची जुनी नोंद चढवून घ्यावी लागते, त्याला वेगळा हेलपाटा धरा. आरसीची मुदत संपली असेल तर नूतनीकरण आधी.

नवी आरसी हातात आली की खिडकीसमोरून हलू नका. इंजिन नंबर छापाशी एकेक अक्षर जुळवून बघा, शून्य आणि 'ओ' हमखास बदलतात. मग तीच प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर नवा नंबर घालून घ्या.